हिवाळ्याच्या तोंडावर चिपमंक चावू लागला आहे

प्रश्न (योकोहामा)

गेल्या वर्षी वसंतात आम्ही येथील दुकानातून सायबेरियन चिपमंकचे पिल्लू आणले; जपानी लोक त्याला शिमारिसु म्हणतात. पाठीवरचे पट्टे पाहून माझ्या आईला रामाची खार आठवली आणि तो लगेच घरचा झाला. सप्टेंबरपर्यंत तो माझ्या बाहीत शिरून झोपत असे. ऑक्टोबरच्या मध्यापासून मात्र पिंजऱ्यात हात घातला की तो शेपटी फुलवून थेट बोटावर झेप घेतो, आणि परवा रक्त येईपर्यंत चावला. आमचे काही चुकले का? त्याला जोडीदार आणावी, की जवळच्या डोंगरावर सोडून द्यावे, असे दोन्ही विचार घरात चालू आहेत. रात्री खोलीचे तापमान 12 अंशांपर्यंत उतरते.

प्रतिसाद १ (ओसाका)

आपले काहीही चुकलेले नाही. मी सात वर्षे चिपमंक पाळला आणि जवळजवळ प्रत्येक शरदात हेच पाहिले. येथील पाळणारे या काळाला ‘टायगर’ म्हणजे वाघाचा काळ म्हणतात. हा प्राणी थंडीसाठी अंगावर चरबी चढवण्यापेक्षा बिळातल्या साठ्यावर अधिक विसंबतो, म्हणून या दिवसांत साठ्याजवळ येणारा हात त्याला चोराचा वाटतो. घरट्याच्या पेटीला हात लावू नका, दाणापाणी बाहेरच्या बाजूने द्या, आणि स्वच्छता करायचीच असेल तर जाड चामडी हातमोजे घालून फक्त ओले, बुरशी आलेले अन्न काढा. कोरड्या बिया तशाच राहू द्या. तो निसटला तरी शेपटीला धरू नका, कारण तिची कातडी सोलून निघते आणि ती शेपटी पुन्हा वाढत नाही. जोडीदार मुळीच आणू नका. हे प्राणी एकटे राहणारे आहेत, आणि एका पिंजऱ्यात दोघे एकमेकांना गंभीर जखमी करू शकतात. माझा चिपमंक वसंतात बहुधा पूर्ववत होई, परंतु एका वर्षी तो दुरावा कायम राहिला, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

प्रतिसाद २ (पशुवैद्य, पुणे)

स्वभावापेक्षा मला ते 12 अंश अधिक महत्त्वाचे वाटतात. चिपमंक खरोखर शीतनिद्रा घेतो आणि हे चक्र केवळ बाहेरच्या थंडीवर चालत नाही: जपानमधील नोरिआकी कोंदो यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवले की त्याच्या रक्तातील व मेंदूतील काही प्रथिनांचे प्रमाण वार्षिक लयीनुसार बदलते. घरातल्या प्राण्याला मात्र बिळातली स्थिर थंडी आणि पुरेसा साठा मिळत नाही, त्यामुळे अर्धवट गारठून तो दगावू शकतो. खोली सुमारे 20 अंशांवर ठेवा, आणि तो थंडगार व निपचित आढळला तर हळूहळू ऊब देत डॉक्टरांकडे न्या. आणखी एक गोष्ट म्हणजे केवळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलेल्या चिपमंकांची हाडे कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात. मिश्र धान्य, भाज्या, थोडे प्राणिज प्रथिन आणि कुरतडायला लाकूड त्याला हवेच.

प्रतिसाद ३ (म्युनिक)

सोडून देण्याचा विचार कृपया मनातून काढून टाका. युरोपात सोडलेल्या किंवा निसटलेल्या चिपमंकांनी जंगलांत वस्ती केली. पॅरिसजवळच्या सेनार अरण्यात ते लाइम रोगाच्या जिवाणूंचे वाहक ठरले, आणि 2016 मध्ये युरोपीय संघाने त्यांना आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत घालून विक्री व प्रजनन बंद केले. ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांना ते मरेपर्यंत बंदिस्त सांभाळण्याची मुभा मिळाली. जपानात होक्काइदोला या प्रजातीची स्वतःची उपजात आहे, तिच्यात परकीय रक्त मिसळण्याचा धोका वेगळाच.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पिंजरा काल आतल्या खोलीत हलवला असून तेथे रात्री 20 अंश राहतात. पेटीला हात लावला नाही. फक्त दाराजवळची मऊ पडलेली सफरचंदाची फोड चिमट्याने काढली, तेव्हा तो पेटीच्या तोंडाशी दोन्ही गाल भरून बसला होता आणि ती फोड बाहेर जाईपर्यंत त्याने चिमट्यावरची नजर हलवली नाही.