मट, एमबीसिंक आणि एमएसएमटीपी यांची जुळणी

प्रश्न: एमबीसिंक या प्रोग्रामने उतरवलेल्या ईमेल मट या टर्मिनलवर चालणाऱ्या ईमेल प्रोग्राममध्ये नीट वाचता येतात, परंतु उत्तर पाठवले की ते जातच नाही. पाठवण्याचे काम एमबीसिंक करत नाही का?

उत्तर १: नाही. एमबीसिंक आयमॅप (ईमेल सर्व्हरवर ठेवून वाचण्याची पद्धत) सर्व्हरवरील टपाल, बहुधा ९९३ पोर्टवरून, आपल्या मेलडिरशी (संगणकावरील ईमेलच्या फोल्डरशी) जुळते ठेवते, एवढेच. पाठवण्यासाठी एमएसएमटीपी हा ईमेल पाठवणारा प्रोग्राम बसवून मटच्या ‘सेंडमेल’ पर्यायात त्याचा मार्ग द्यावा आणि पोर्ट ५८७ ठेवल्यास स्टार्टटीएलएस (जोडणी कूटबद्ध करण्याची सोय) चालू असल्याची खात्री करावी.

उत्तर २: पासवर्ड एमएसएमटीपीच्या सेटिंग फाइलीत उघडा लिहू नये (आळसापोटी मीही लिहिला होता), तो ‘पासवर्डइव्हल’ या सेटिंगमधून जीपीजी या कूटलेखनाच्या प्रोग्रामकरवी वाचावा.

प्रश्नकर्ता: आता ईमेल जाते, आभारी आहे. मात्र इंटरनेट नसताना पाठवल्यास अडते.

उत्तर १: एमएसएमटीपी स्वतः न गेलेल्या ईमेलची रांग सांभाळत नाही, त्यासाठी सोबतची एमएसएमटीपीक्यू स्क्रिप्ट वापरावी.