मदत हवी आहे: लिनक्सवरून ३२-बिट विंडोजसाठी लुआजिट बांधायचंय

मंडळी, उबंटू लिनक्सवर बसून ३२-बिट विंडोजसाठी लुआजिट (लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट वेगाने चालवणारा प्रोग्राम) क्रॉस-कंपाइल करतोय, म्हणजे एका सिस्टीमवर बसून दुसरीसाठी बांधतोय. काउंटरवरच्या जुन्या पीसीवर लेबल छापायची स्क्रिप्ट चालवायचीय, त्यामुळे ६४-बिटचा सल्ला नको. ६४-बिट मिंगडब्ल्यूने (विंडोजसाठी प्रोग्राम बांधणारा कंपायलर) एक्सई निमूट तयार झाली, घोडं अडलंय ३२-बिटलाच.

लुआजिट आधी मिनीलुआ आणि बिल्डव्हीएम हे दोन प्रोग्राम बांधून आपल्याच मशीनवर चालवतो, आणि त्यांच्या पॉइंटरचा (मेमरीतल्या पत्त्याचा) आकार टार्गेटशी, म्हणजे इथे ३२-बिट विंडोजशी, जुळावा लागतो. म्हणून होस्ट_सीसी (आपल्या मशीनसाठीचा कंपायलर) मध्ये 'जीसीसी -एम३२' दिलं, म्हणजे जीसीसी कंपायलरला ३२-बिट बांधायला सांगितलं; टार्गेट_सिस 'विंडोज', क्रॉसला आय६८६ वालं प्रीफिक्स. मेक (बांधणीची कमांड) सुरू होताच पहिल्याच फाइलवर:

'बिट्स/लिबसी-हेडर-स्टार्ट.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'

हे जीसीसी-मल्टिलिब (-एम३२ साठी लागणाऱ्या फाइलींचं पॅकेज) नसल्यामुळे, एवढं कळलं. पण ते टाकायला गेलो की ॲप्ट (उबंटूचं पॅकेजेस टाकायचं साधन) म्हणतं, एआरएम प्रोसेसरसाठीचा क्रॉस-कंपायलर काढतो. तो मला रोज लागतो, काढून कसं चालेल! (हे दोघं एकत्र का नांदत नाहीत देव जाणे.)

एआरएमवाला न काढता -एम३२ चालवायची सरळ वाट आहे का? की डॉकरमध्ये (मूळ सिस्टीमपासून अलग कप्प्यात) वेगळं डेबियन लिनक्स उभारूनच हे करता? कुणी केलं असेल तर नेमकी कोणती पॅकेजेस घातली, तेवढं सांगा.