लॅप शिअरचा आकडा पुरेसा नाही

इपॉक्सी गोंदानं चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या जॉइंटला लॅप शिअर टेस्टमध्ये (एकमेकांवर चिकटवलेल्या दोन पट्ट्या उलट दिशांना ओढून तोडायच्या) ताकदीचा आकडा चांगला आला म्हणजे जॉइंट पास असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. तो आकडा सुक्या, ताज्या जॉइंटचा असतो, चिकटवण्याआधी ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाची तयारी कच्ची असली तरी पहिल्या दिवशी छानच येतो. घात करतो तो ओलावा, कडेनं आत शिरून इपॉक्सीची धातूवरच्या ऑक्साइडच्या थरावरची पकड सोडवतो. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचं छत उडालं तिथंही लॅप जॉइंटचं (एकावर एक आलेल्या पत्र्यांच्या जोडाचं) बाँडिंग आधी सुटलेलं, मग सगळा भार रिव्हेटांवर आणि भोकांपाशी चिरा.

म्हणून वेज टेस्ट कराच. दोन पट्ट्या चिकटवायच्या, टोकाला पाचर ठोकायची, चीर जिथवर गेली तिथं बारीक रेघ मारायची आणि ५० अंशाला भरपूर दमटपणात ठेवून दुसऱ्या दिवशी बघायचं. आम्ही निम्म्या पट्ट्या नुसत्या सॉल्व्हंटनं पुसल्या, निम्म्या घासून सायलेन (गोंद धातूला नीट धरावा म्हणून लावायचं रसायन) लावलेल्या, शिअरला दोन्ही जवळपास सारख्याच, पण पाचरीवर पुसलेल्यांची चीर रेघेच्या बरीच पुढे गेली आणि उघडल्यावर एका पट्टीवर सगळा गोंद, दुसरीवर कोरा चकचकीत धातू, म्हणजे पकडच सुटलेली. सायलेनवाल्यांत गोंद मधूनच फाटून दोन्हीकडे राहिला होता, म्हणजे पकड टिकलेली. आकड्यासोबत तुटलेल्या भागाचा फोटोही टाका ना इथे.