मदत हवी आहे: पेनसिल्व्हेनियाचं गन पर्मिट, ग्रीनकार्ड आणि न्यू जर्सीच्या फेऱ्या

पारिजात_पीए

नमस्कार मंडळी,

मी पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनजवळ राहते. स्वतःची छोटी फार्मसी आहे आणि रात्री दुकान बहुतेक वेळा मीच बंद करते. या हिवाळ्यात आमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या फार्मसीत बंदूक दाखवून ऑक्सिकोडोनच्या (नशेसाठीही वापरल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधाच्या) बाटल्या नेल्या. काउंटरवरची मुलगी वाचली, पण नंतर तिने नोकरी सोडली. त्यानंतर मी आणि नवऱ्याने बरंच बोलून ठरवलं की मी रीतसर शिकून, परवाना काढून पिस्तूल बाळगायचं. रेंजवर शिकवणी चालू आहे. हा निर्णय बरोबर की चूक, यावर कृपया धागा भरकटवू नका. तो आम्ही पूर्ण विचार करून घेतलाय.

अडचण पुढची आहे. आम्हा दोघांचं ग्रीनकार्ड आहे, सिटिझनशिपचा अर्ज पुढच्या वर्षी करणार. दीर-जाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतात, सासूबाई सध्या त्यांच्याकडे आहेत, त्यामुळे आय-७८ने डेलावेर नदी ओलांडणं दर आठवड्याचंच. बंदुकीच्या दुकानातला माणूस म्हणाला, "जर्सीत ट्रंकमध्ये ठेवा, काही होत नाही." मला हे पटत नाहीये. शिवाय माझा धाकटा भाऊ एच-१बी व्हिसावर आहे आणि आमच्याच घरी राहतो, त्याच्यामुळे काही अडचण येते का? ऑगस्टमध्ये सगळ्यांनी गाडीने स्मोकी माउंटन्सला जायचं ठरलंय, तेव्हा पर्मिट किती राज्यांत चालतं?

ज्यांनी हे स्वतः केलंय किंवा ज्यांना कायदा माहीत आहे त्यांनी सांगा. ऐकीव माहितीवर मला पाऊल टाकायचं नाही.

ऋणानुबंध

पारिजातताई, तुम्हाला पटलं नाही हे फार चांगलं झालं. मी वकील आहे (इमिग्रेशन, क्रिमिनल नव्हे), त्यामुळे हा सल्ला नाही, माहिती समजा. पण नीट वाचा.

पर्मिट हे ड्रायव्हिंग लायसन्ससारखं नाही, एका राज्याचं दुसऱ्याने मानलंच पाहिजे असं कोणतंही बंधन नाही. सगळ्या राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असं विधेयक डिसेंबर २०१७मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं होतं, सिनेटमध्ये अडलं. न्यू जर्सी कुठल्याही बाहेरच्या राज्याचा परवाना मानत नाही. न्यूयॉर्क नाही, मेरीलँड नाही. म्हणजे पूल ओलांडला की तुमच्या लायसन्सला तिथे काहीच किंमत नाही, आणि तुम्ही विनापरवाना हँडगन बाळगणाऱ्या ठरता. जर्सीत हा दुसऱ्या दर्जाचा (सेकंड डिग्री) गंभीर गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं तुरुंग. त्यात ग्रेव्हज ॲक्ट या जर्सीच्या बंदूक-गुन्ह्यांच्या कायद्यामुळे पॅरोलआधी किमान ४२ महिने आत काढावे लागतात. न्यायाधीशांना दया आली तरी हात बांधलेले असतात.

शनीन ॲलनचं प्रकरण शोधून वाचा. फिलाडेल्फियाची, लहान मुलांची एकटी आई. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स होतं. ऑक्टोबर २०१३मध्ये अटलांटिक काउंटीत तिची गाडी थांबवली, तिने स्वतःहून पोलिसाला सांगितलं की माझ्याकडे गन आहे आणि हे माझं पर्मिट. तिथेच अटक. पुढे देशभर गाजावाजा झाला म्हणून तिला प्रीट्रायल इंटरव्हेन्शन (खटल्याऐवजी देखरेखीखालचा कार्यक्रम) मिळालं आणि एप्रिल २०१५मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्तींनी माफी दिली.

आता तुमच्यासाठी कळीचा मुद्दा. ती अमेरिकन नागरिक होती. ग्रीनकार्डवाल्याला शस्त्राच्या कोणत्याही कायद्याखाली, राज्याच्या असो की केंद्राच्या, बाळगल्याची शिक्षा लागली तर तो हद्दपारीला पात्र ठरतो. किती वर्षं राहतोय, दुकान आहे, मुलं इथे जन्मलीत, हे त्या कलमात कुठेच येत नाही. गुन्हा कबूल करून प्रोबेशनसारखी सवलत घेतली, पुढे राज्याने केस मिटवली, तरी इमिग्रेशनच्या लेखी ती शिक्षाच धरली जाते. आणि राज्यपालांच्या माफीने काही प्रकारच्या गुन्ह्यांत हद्दपारी टळते, त्या यादीत शस्त्राचं कलम नाही. म्हणजे शनीन ॲलनसारखी माफी मिळाली, तरी ती तुम्हाला हद्दपारीपासून वाचवणार नाही. नुसती अटक झाली आणि पुढे काहीच निष्पन्न झालं नाही, तरी सिटिझनशिपच्या अर्जात ती लिहावी लागते.

एडिसनला गन न्यायची नाही. ट्रंकमध्येही नाही.

नदीकाठचा

वरच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. मी एडिसनच्याच मिडलसेक्स काउंटीत राहतो, माझ्याकडे जर्सीचं पर्मिट आहे.

ट्रंकची गोष्ट कुठून येते ते सांगतो. १९८६च्या केंद्रीय कायद्यात प्रवाशाला एक संरक्षण आहे. गन रिकामी, गन आणि काडतुसं दोन्ही हाताशी न येतील अशी, ट्रंकमध्ये. गाडीला वेगळी ट्रंक नसेल तर कुलूपबंद पेटीत, पण ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल चालत नाही. लोक एवढंच लक्षात ठेवतात. पुढची अट अशी की जिथून निघालात आणि जिथे पोचणार, त्या दोन्ही ठिकाणी ती गन बाळगणं आणि वागवणं तुमच्यासाठी कायदेशीर हवं. तुमचा मुक्काम एडिसन, म्हणजे ही अट तिथेच तुटते. जर्सीचा स्वतःचा कायदा रेंजवर वगैरे बंद पेटीत न्यायला सूट देतो, दिराच्या घरी जेवायला जाताना ती लागू नाही.

आणि नुसतं जर्सीतून पार होतानाही जपून. ग्रेग रेवेल नावाच्या युटाच्या माणसाचं २००५मधलं प्रकरण आहे. विमानाने ॲलनटाउनला निघाला होता, हो, तुमच्याच गावाला. नेवार्कला सामानाचा घोळ होऊन पुढची जोडणी चुकली, बॅग हातात मिळाली आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे गन जाहीर केली आणि अटक झाली. २०१०मध्ये थर्ड सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने निकाल दिला की रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून केंद्रीय संरक्षण नाही. काही दिवस तुरुंगात काढले बिचाऱ्याने, तेही स्वतः काही न लपवता.

होलो पॉइंट (टोकाला पोकळ, लागल्यावर फुलणाऱ्या) गोळ्यांवर जर्सीत वेगळे निर्बंध, दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन वेगळा गुन्हा. पेनसिल्व्हेनियात दुकानात नवीन पिस्तुलाबरोबर सहज मिळणाऱ्या याच गोष्टी.

सातारकर_ओहायो

ताई, तुमचं घरचं पर्मिट तरी सोपं आहे. काउंटी शेरीफच्या ऑफिसात अर्ज, वय २१ पूर्ण, नात्यातले नसलेले दोन संदर्भ, २० डॉलर, उत्तर द्यायला त्यांना ४५ दिवस, मुदत पाच वर्षं. कायद्याने प्रशिक्षण सक्तीचं नाही, तुम्ही घेताय हे उत्तम. ग्रीनकार्ड बरोबर न्या. गन विकत घेताना ४४७३ या केंद्रीय फॉर्मवर एलियन नंबर (ग्रीनकार्डवरचा) लिहावा लागतो, तिथे नागरिकत्वाच्या रकान्यात घाईने चुकीची खूण करू नका, ते खोटं विधान धरलं जातं.

लायसन्स हातात येईपर्यंत भरलेली गन गाडीत ठेवायची नाही, पेनसिल्व्हेनियातसुद्धा. रेंजवर जाताना रिकामी, गोळ्या वेगळ्या.

शमी

भावाबद्दल कुणी बोललंच नाही, आणि आपल्या घरांत हीच गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते.

नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने गन आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे. एच-१बी, एच-४, एफ-१, आईबाबांचा बी-२, सगळे त्यात आले. शिकारीचं लायसन्स असणं असे काही अपवाद आहेत, पण त्यांचं वेगळं बघावं लागतं. आणि बाळगणं म्हणजे फक्त हातात धरणं नाही. गन कुठे आहे हे माहीत आणि हवी तेव्हा घेता येते, यावरूनही ताबा असल्याचा आरोप होऊ शकतो. त्यामुळे तिजोरी तुमची, किल्ली किंवा आकडा फक्त तुम्हाला आणि नवऱ्याला. भावाला "अरे, जरा रेंजवर ये, एक मॅगझिन मारून बघ" असं कौतुकानेसुद्धा म्हणू नका. त्याला गाडी देताना आधी गाडीत गन किंवा सुटी काडतुसं नाहीत हे बघा. त्याचं ग्रीनकार्ड रांगेत असेल तर हे त्याच्या आयुष्याचं आहे.

रेंजवाला

स्मोकीच्या रस्त्याबद्दल. तुम्ही बहुतेक आय-८१ने जाल. तो रस्ता पेनसिल्व्हेनिया संपल्यावर हॅगर्सटाउनजवळ साधारण १२ मैल मेरीलँडमधून जातो, मग साधारण २६ मैल वेस्ट व्हर्जिनिया, मग लांबलचक व्हर्जिनिया, मग टेनेसी. ते १२ मैलच खरे धोक्याचे. वेस्ट व्हर्जिनियात २१ वर्षांवरच्यांना परवान्याशिवायही चालतं, टेनेसी इतर राज्यांचे परवाने मानतं. पण मेरीलँडमध्ये तुमचं लायसन्स शून्य. म्हणून पेनसिल्व्हेनियात शेवटचं पेट्रोल घ्याल तिथे गन रिकामी करून पेटीत, पेटी ट्रंकमध्ये, गोळ्या वेगळ्या. मेरीलँडमध्ये जेवायला उतरायचं नाही, मुक्काम तर नाहीच. इथे १९८६चा कायदा उपयोगी पडतो, कारण दोन्ही टोकं कायदेशीर आहेत. भाऊ बरोबर असेल तर सगळ्या प्रवासात पेटीची किल्ली तुमच्याच खिशात.

व्हर्जिनियासाठी निघायच्या आठवड्यात त्यांच्या स्टेट पोलिसांचं पान वाचा, आणि परतायच्या आधी पुन्हा. अशा याद्या विधिमंडळ बदललं की बदलतात, वर्षभरापूर्वीच्या ब्लॉगवर विसंबू नका.

दोन गोष्टी लोक विसरतात. नॅशनल पार्कमध्ये २०१०पासून त्या त्या राज्याचा नियम चालतो, पण व्हिजिटर सेंटरसारख्या केंद्राच्या इमारतीत गन नेता येत नाही. आणि शाळेपासून १००० फुटांच्या आत गनला केंद्रीय मनाई आहे, त्यातून सूट ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याच्या परवान्याला. दुसऱ्या राज्याने तुमचं पर्मिट मानलं तरी ही सूट आपोआप मिळत नाही. महामार्ग सोडून गावातून जाताना शाळा कधी लागते कळतही नाही. म्हणून लांबच्या प्रवासात मी स्वतः पूर्ण वेळ पेटीतच ठेवतो.

आजी_हॅरिसबर्ग

बाळ, निर्णयावर बोलू नका म्हणालीस, बोलत नाही. एकच विनंती. घरी लेकरं असतील तर पर्समध्ये गन ठेवून पर्स खुर्चीला अडकवायची नाही. अंगावर नाहीतर तिजोरीत, तिसरी जागा नाही. आणि रेंजची बॅग भारतात जाताना कधीच वापरायची नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाच्या जुन्या सॅकच्या अस्तरात एक गोळी राहिली होती, मुंबई विमानतळावर परतीच्या तपासणीत निघाली. विमान गेलं, पोलीस ठाणं, आर्म्स ॲक्टखाली गुन्हा, पासपोर्टची चिंता, आईवडिलांची रात्र तिथे गेली. बॅगेत गोळी आहे हे त्याला माहीतच नव्हतं, पण ते कोर्टात सांगेपर्यंत किती काळ जातो!

पारिजात_पीए

सगळ्यांचे मनापासून आभार. ऋणानुबंध, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचला. एडिसनला गन जाणार नाही हे पक्कं. भावाशीही बोलले. त्याने स्वतःच सांगितलं की तिजोरी त्याच्या खोलीजवळ नको, ती आम्ही हलवतोय.

आजी, सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं. रेंजची बॅग लाल रंगाची घेणार आहे, दुसऱ्या कुठल्याच कामाला वापरायची नाही.

दोन शंका राहिल्या. जर्सीचं पर्मिट मला बाहेरून काढता येतं का? आणि शनिवारी मी दुकान बंद करून घरी न येता तशीच एडिसनला निघते. अशा वेळी गन दुकानात ठेवली तर चालेल का?

नदीकाठचा

बाहेरच्यांना अर्ज करता येतो, जर्सी स्टेट पोलिसांकडे. सुप्रीम कोर्टाच्या जून २०२२च्या ब्रुएन निकालानंतर "खास गरज" सिद्ध करावी लागत नाही. पण नात्याबाहेरचे चार संदर्भ, २०० डॉलर, रेंजवरची परीक्षा, आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण. मिळाल्यावरही शाळा, दवाखाने, उद्यानं, दारूची ठिकाणं अशी न न्यायच्या जागांची मोठी यादी आहे, त्यावर कोर्टात अजून वाद चालू आहेत. आपल्या मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये असतो, तिथे तर नाहीच नाही. दिराकडे जाण्यापुरतं हे करायचं का, ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर सिटिझनशिप होईपर्यंत थांबलो असतो.

ऋणानुबंध

दुकानात ठेवायला हरकत नाही, जमिनीला बोल्ट केलेली वेगळी छोटी तिजोरी घ्या. औषधांच्या तिजोरीत ठेवू नका, तिथे तपासणीला लोक येतात आणि किल्ल्या इतरांकडेही असतात. तुमच्याकडे फार्मसीची इंटर्न मुलं असतील तर त्यांतली काही एफ-१वर असू शकतात, तेव्हा भावाला जे लागू तेच त्यांना. आकडा कुणालाही सांगू नका, आणि शनिवारी निघण्याआधी ग्लोव्ह बॉक्स, पर्स आणि कोटाचे खिसे तपासा. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं एखादं सुटं मॅगझिन किंवा होलो पॉइंटची एक गोळी पुलापलीकडे गेली तरी प्रकरण होतं.

अर्ज करण्याआधी लेहाय काउंटीतल्या क्रिमिनल आणि इमिग्रेशन दोन्ही पाहणाऱ्या वकिलाशी तासभर बोलून घ्या. नाव इथे उघड देत नाही, व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

पारिजात_पीए

निरोप मिळाला. सोमवारी फोन करते. वकील काय म्हणाले ते इथेच लिहीन, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.