औषधे चालू असताना संवादोपचाराचा उपयोग होतो का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांनी त्याची झोप सुधारली, परंतु शेजारी आपल्याविषयी वाईट बोलत असल्याचे आवाज त्याला अजूनही ऐकू येतात. त्याला मानसशास्त्रज्ञाकडे नेऊन काही साध्य होईल का?

प्रतिसाद १ : होऊ शकते, मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधे थांबवू नका. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९५२ मध्येच एका रुग्णाच्या दृढ संशयावर संवादातून केलेल्या उपचाराची नोंद प्रसिद्ध केली होती, आणि ब्रिटनमधील उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस संस्थेची २०१४ ची मार्गदर्शिका अशा उपचाराच्या किमान १६ वैयक्तिक बैठका सुचवते. चांगला उपचारक आवाज खोटे ठरवत बसत नाही. ते केव्हा वाढतात, काय सांगतात आणि त्यांचे न ऐकल्यास प्रत्यक्षात काय घडते, हे तो रुग्णाच्या सोबतीने तपासतो, त्यामुळे आवाज पूर्ण थांबले नाहीत तरी त्यांची दहशत ओसरू शकते.

प्रतिसाद २ : आईच्या आजारात आम्हा घरच्यांनाच अधिक शिकावे लागले. ‘असे काही नाही’ म्हणून तिला गप्प करणे सोडून ‘तुला किती भीती वाटत असेल’ असे म्हणू लागलो, तेव्हा ती मोकळेपणाने सांगू लागली. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन कुटुंबीयांसाठीही काम करते.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. मीही आजवर त्याच्याशी वादच घालत आलो.