उयुनी: जीप कुठून घ्यावी?

बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागराची तीन दिवसांची जीप-सफर सान पेद्रोहून घ्यावी की उयुनी गावाहून, असा प्रश्न आहे. माझं मत ठाम आहे: उयुनीहून. चिलीतलं सान पेद्रो साधारण २,४०० मीटरवर आहे आणि तिथून निघालं की पहिल्याच दिवशी गाडी ४,००० च्या वर चढते. आम्ही तसंच केलं. सहापैकी दोघांनी लागुना कोलोरादा या सरोवराचं ते लालसर पाणी, त्यातले फ्लेमिंगो, काही म्हणजे काही पाहिलं नाही. उंचीच्या त्रासाने डोकं धरून मागच्या सीटवर पडून होते. फार वाईट वाटलं. उयुनी ३,६५० च्या आसपास आहे. उंचीची सवय व्हायला तिथे दोन रात्री राहा, कोकाच्या पानांचा चहा प्या, मग निघा.

मिठावर साचलेल्या पाण्याचा आरसा हवा असेल तर जानेवारी ते मार्च. मात्र पाणी जास्त असलं की निवडुंगांच्या इन्काउआसी बेटापर्यंत जीप जात नाही. जून-जुलैत मिठावर षटकोनी कंगोरे उठलेले असतात, मला तेच जास्त भावले. तेव्हा रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, स्लीपिंग बॅग भाड्याने घ्याच. आणि पैसे देण्याआधी जीपचे टायर, स्टेपनी स्वतः बघा.