मदत हवी आहे: सरकारी यादीतल्या किती सुट्ट्या खासगी कामगाराला लागू होतात?

गोदाम_पाळी
पुण्यात एक गोदाम आणि त्याला लागून विक्री कार्यालय, मिळून ३५ कामगार. आठवडी सुट्टी गुरुवारी. वर्षाची सुट्ट्यांची यादी कुठेही लावलेली नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळी 'उद्या सुट्टी' किंवा 'उद्या अर्धा दिवस' एवढंच कळतं. सरकारच्या यादीत वीसहून जास्त सुट्ट्या असतात, त्यातल्या आमच्या किती? सण गुरुवारी आला तर पुढे काय? आणि सुट्टीच्या मागेपुढे खाडा झाला तर सुट्टीचाही पगार कापतात, ते बरोबर आहे का?

नोंदवही
आधी दोन याद्या वेगळ्या करा, निम्मा घोळ तिथेच आहे. राजपत्रातली सार्वजनिक सुट्ट्यांची यादी परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ (चेक-हुंड्यांचा कायदा) च्या कलम २५ खाली निघते. ती बँका आणि सरकारी कचेऱ्यांसाठी. शिवाय जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, त्या बँकांनाही लागू नसतात. या दोन्हींच्या जोरावर खासगी गोदामात सुट्टी मागता येत नाही.

तुमचा हक्क महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७, कलम १८ मध्ये आहे. वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार सण. हे चार सण मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी संमतीने ठरवायचे असतात. आदल्या संध्याकाळी सांगण्याची पद्धत इथेच चुकते. आठ दिवसांची किरकोळ रजा याशिवाय, वेगळी. सणाची सुट्टी देऊन ती किरकोळ रजेत मांडली असेल तर हजेरीपट तपासा, हा प्रकार फार चालतो.

गुरुवारचं म्हणाल, तर पहिल्या चार तारखा हलत नाहीत. उरलेले चार सण निवडताना मात्र कॅलेंडर समोर हवं. २०२६ मध्ये गुढीपाडवा १९ मार्चला, गुरुवारी. तुमच्या यादीत तो घातला तर एक सुट्टी फुकट गेली. रविवारी सुट्टी असणाऱ्यांचं त्याच वर्षी लक्ष्मीपूजन असंच जातं, ८ नोव्हेंबरला रविवार आहे. 'सण आठवडी सुट्टीला आल्यास पुढचा कामाचा दिवस' ही ओळ यादीत लिहून घ्या. ती मान्य झाली नाही तर पाडव्याऐवजी दसरा घ्या, २० ऑक्टोबर, मंगळवार.

गोदाम_पाळी
खूप आभार. खाड्याच्या कपातीचं कोणी सांगेल का? मासिक पगार १५,६००, भागाकार २६ ने.

हिशेबनीस
म्हणजे दिवसाचे ६००. उदाहरणाला २ ऑक्टोबर २०२६ घ्या, शुक्रवार. बुधवारी ३० सप्टेंबरला खाडा, गुरुवारी आठवडी सुट्टी, शुक्रवारी गांधी जयंती, शनिवारी पुन्हा खाडा. खाडे दोन, कपात १,२०० व्हायला हवी. चारही दिवस कापले तर २,४००. यातले ६०० सप्टेंबरच्या स्लिपमध्ये आणि १,८०० ऑक्टोबरच्या, त्यामुळे एकच स्लिप पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. दोन्ही शेजारी ठेवा.

हे दोन कारणांनी चुकतं. २६ ने भागताना आठवडी सुट्ट्या आधीच बाजूला काढलेल्या असतात, मग गुरुवारचे ६०० कापायचे कशातून? याच पद्धतीने तीस दिवस गैरहजर राहणाऱ्याचे १८,००० कापावे लागतील, पगार १५,६०० असताना! दुसरं म्हणजे, कलम १८ मध्ये सणाच्या सुट्टीला आदल्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या हजेरीची अट नाही, आणि वेतन कायद्यानुसार कपात गैरहजेरीच्या कालावधीच्या प्रमाणातच करता येते. तोंडी वाद घालण्यापेक्षा तारखा, कापलेली रक्कम आणि दोन्ही स्लिपांच्या प्रती जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तीच फाइल घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.

सीमेपलीकडे
कंपनीची शाखा दुसऱ्या राज्यात असेल तर काम जिथे चालतं तिथला कायदा लागू होतो, मुख्य कार्यालयाचा नाही. कर्नाटकात यासाठी १९६३ चा वेगळा कायदा आहे आणि १ नोव्हेंबर, म्हणजे राज्योत्सव, तिथल्या ठरलेल्या सुट्ट्यांत येतो. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट वेतन, किंवा त्या दिवसाचं वेतन आणि बदली भरपगारी सुट्टी, असे दोन पर्याय त्यात दिलेत. पुण्यात मात्र कलम १८ नुसार अशा कामाला दुप्पट वेतन आणि शिवाय बदली सुट्टी, दोन्ही मिळायला हवं; यादीखाली तसं लिहून घ्यावं. त्या दिवसाचा पगार सुट्टीपोटी मिळणारच असतो. वर काहीच न घेता काम केलं तर ते फुकट केलं.

नोंदवही
मतदानाचा दिवस राहिला. लोकसभा आणि विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चं कलम १३५ ब पाहा. मतदाराला भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालासुद्धा. कामगार नसल्याने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामांना तेवढा अपवाद. ही सुट्टी वरच्या आठात धरायची नाही. मालकाला दंड मात्र ५०० रुपयांपर्यंतच आहे, ही रक्कम फारच तोकडी आहे.

गोदाम_पाळी
यादीचा मसुदा करतो आहे: गणपती, दसरा, दिवाळी, ईद. चालेल?

हिशेबनीस
असा नको, यातल्या तीन शब्दांवर पुढे भांडण होईल. 'गणपती' म्हणजे गणेश चतुर्थी की अनंत चतुर्दशी? 'दिवाळी' म्हणजे लक्ष्मीपूजन की बलिप्रतिपदा? ईद रमजानची, बकरी की मिलाद? प्रत्येकापुढे पूर्ण नाव, तारीख आणि वार लिहा. चंद्रदर्शनावरच्या सणांपुढे 'शासनाने तारीख बदलल्यास बदललेली तारीख' एवढं जोडा. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरात ५ सप्टेंबरवरून ८ सप्टेंबरला नेली होती, बाकी जिल्ह्यांत ५ लाच राहिली. म्हणून जिल्ह्याचं नावही हवं. सह्या ३१ डिसेंबरच्या आत, एक प्रत सूचनाफलकावर, एक कामगारांकडे.